अर्धी हातोडी

सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय माउलीदादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार, श्रावणीला गोड पापा. आम्ही इथं बरे आहोत. गड्ड्याची जत्रा आटोपून इतके दिवस झाले, तरी आईचे गुडघे अजून कुरकुरताहेत. ऊन आत्तापासूनच चटके देऊ लागलंय.

शिमग्याला सगळ्यांना घेऊन येतो, असं तू फोनवर म्हणालास. इतकी वर्षं मीच तुझ्यामागं लागले होते, की आप्पा थकलेत, झालं गेलं विसर, एकदा ये. त्याबद्दलच लिहायचंय. फोनवर बोलताना आई शेजारी असते, म्हणून हे पत्र.

आधी एक गंमत सांगते. मी लोहारकाम शिकतेय. हसू नकोस. आप्पांचं विसरणं वाढल्यापासून ते दुपारी एकटेच भट्टी पेटवून बसायचे. एकदा सदऱ्याची बाही पेटली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, सवयीचं काम तोडू नका, पण कुणीतरी जवळ राहा. माझी शाळेतली कारकुनी सकाळची असते, दुपारी मी मोकळी. मी म्हटलं, आप्पा, मला शिकवा. लहानपणी ऐरणीला माझा नुसता पाय लागला तरी ओरडायचे. या वेळी मुकाट्यानं सांडशी हातात दिली.

काय करायचं ते त्यांनीच ठरवलं. खिळे उपटायची हातोडी, मागं दोन फाटे असलेली. ट्रकच्या अॅक्सलचा एक तुकडा घेतला. सुरुवातीला माझा घाव नेहमी कडेलाच बसायचा आणि तुकडा सांडशीतून निसटून पायाशी यायचा. आप्पा रागावले नाहीत. लोखंड संत्र्याच्या रंगाचं झालं की काढायचं, काळपट पडू लागलं की हात आवरायचा, हे पुन्हा पुन्हा समजावून सांगत राहिले. मला या घरात कुणी इतक्या मायेनं कधी काही शिकवलं नव्हतं. दांड्याचं भोक पाडायला मी दोन्ही बाजूंनी सुंबा ठोकला आणि मधली टिकली टपकन खाली पडली, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "जमतंय की, माउली."

हो. ते मला तुझ्या नावानं हाक मारतात. आधी मी दुरुस्त करत होते, मग सोडून दिलं. खरं सांगू? ती थाप मला हवी होती.

हातोडीचं तोंड झालं, भोक झालं, शेपूट लांबवून झालं. ते शेपूट मधोमध चिरायचं तेवढं राहिलं होतं. ते दोघांचं काम, एकानं छिन्नी धरायची आणि दुसऱ्यानं घण मारायचा. गेल्या आठवड्यात एका दुपारी आम्ही ते करायला घेतलं.

तुकडा तापत होता तोवर आप्पा माझ्या हातांकडंच बघत होते. काय झालं विचारलं, तर म्हणाले, पुण्याच्या कंपनीनं बोलावलंय म्हणं तुला. मला आधी काही कळेना. मग आठवलं. तुझी ती फिटरची नोकरी, दादा. मी म्हटलं, कुणी कुठं जात नाही, आप्पा.

मी डाव्या हातात सांडशी आणि उजव्यात छिन्नी धरून ऐरणीपुढं बसले. त्यांनी घण उचलला आणि अगदी हळू आवाजात बोलले.

"छिन्नी सोड. हात हितं ठेव, ऐरणीवर. लई दुखायचं न्हाय. पर हात धड असला तर तू हितं ऱ्हायचा न्हाईस."

हातातलं सगळं टाकून मी मागं सरले. घण मोकळ्या ऐरणीवर आला. आप्पा वाकून ऐरणीवर बोटं फिरवत काहीतरी शोधत राहिले. मग माझ्याकडं बघून लहान पोरासारखे रडू लागले.

"चुकून झालं म्हणून सांग. आईला चुकून म्हणून सांग."

दादा, तेव्हा दवाखान्यात तू एक शब्द बोलला नाहीस. आम्ही सगळे चुकून, चुकून म्हणत होतो आणि तू मान हलवत होतास. बोटं गेली, नोकरी गेली, तू घर सोडलंस. आणि वर मी तुला विचारायची, आप्पांनी काय मुद्दाम केलं का.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं म्हटलं, भट्टी आता बंद करू या. ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "हात ठेव म्हनाले व्हय?" ती पुन्हा थापू लागली.

घण, छिन्न्या आणि भट्टीचा ब्लोअर मी शेजारच्या चन्नम्माकाकूंकडं नेऊन ठेवलेत. आप्पा थंड भट्टीपुढं बसून असतात, अर्धी हातोडी मांडीवर घेऊन. माझ्याशी बोलत नाहीत, मला आता कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. पण तुझा फोन त्यांनी ऐकला होता. शिमगा कधी आहे, हे ते आईला रोज विचारतात आणि ऐरण पुसून ठेवतात.

तू येऊ नकोस. श्रावणीला तर मुळीच आणू नकोस. आईला काय सांगायचं ते मी बघते, तिला फार सांगावंही लागणार नाही. आप्पा तुला ओळखणार नाहीत याचं मला इतके दिवस वाईट वाटत होतं. आता भीती वाटते ती ते ओळखतील याची.

इतकी वर्षं तुला ये, ये म्हणणारी,
विजू