सगळीकडे चार अंश

बुलढाणा, मंगळवार, संध्याकाळ

आत्ताच एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. "भाऊ, तुमच्या ऑनलाइन बोर्डावर चार अंश दिसून राह्यले, पण आमचा लशीचा फ्रीज तं कालपासून बंद हाय."

चूक माझीच. पूर्वी दर केंद्राच्या फ्रीजवर नजर ठेवायला मोठं प्लगिन, म्हणजे वेगळा छोटा प्रोग्राम, लिहावं लागे. मी एक ॲनोटेशन केलं, कोडमध्ये लावायची तयार खूण. फंक्शनच्या वर ती एक ओळ टाकली की बाकी सगळं आपोआप. इकडे लाइन रोज दुपारी जाते, अलार्म वाजून सगळे वैतागायचे. म्हणून त्यातच ठरवून टाकलं, फ्रीजकडून उत्तर आलं नाही तर शेवटचा आकडाच दाखवायचा. काऊन केलं मी असं?

आता प्लगिनं माझ्या हाताखालची वैशाली लिहिते. तिला विचारलं, किती ठिकाणी आहे ती ओळ?

"सगळीकडं. तुम्हीच तं म्हणाले, दुसरं काही लिहू नको."

आत्ता तो नियम काढला. सात केंद्रांचे चार अंश बोर्डावरून गेले. कधीपासून बंद, कुठंच नोंद नाही.

सातवं ताईच्या गावचं. तिच्या छकुलीला लस द्यायला निघताना आज सकाळी तिनं फोनवर विचारलं होतं, फ्रीज चालू हाय ना रे?

मी बोर्ड पाहून सांगितलं, चार अंश आहे, जा.