तंबूच्या कापडाची जाडी

तीर्थस्वरूप वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (दर पत्रात हा शब्द नुसता लिहून मोकळा होतो. आज खोलीचं दार लावून खरोखर आडवा झालो आणि मगच पेन उचललं. उठताना खुर्चीला धरावं लागलं, पण घातला तो घातला.) तुमचा गुडघा काय म्हणतो? जिना चढायची परवानगी मिळाली, की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची असते, असं आमच्या बसस्थानकातल्या चौकशी खिडकीच्या बाई सांगतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत, तेव्हा त्यांचं ऐकायला हरकत नाही. इकडे सगळे कुशल, असं पुढे लिहायचं असतं. ही कुशल आहे. माझं खाली लिहितो.

सहलीहून आल्यापासून दादा गप्प आहे, धड जेवतही नाही, असं तुम्ही परवा फोनवर हिला म्हणालात. प्रवासाचा शीण असेल, असं हिने सांगितलं, कारण हिला याहून जास्त काही माहीतच नाही. (का माहीत नाही, तेही येईल.) शीण नाही, वहिनी. शीण मी आहे. फोन करून सांगावं म्हणून चार वेळा नंबर फिरवला आणि चारही वेळा पहिल्या रिंगला ठेवून दिला. गेली एकोणतीस वर्षं स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करून पोट भरतो आहे. बारा फलाटांवरचा माणूस माझ्या आवाजाने पिशवी उचलून धावतो. त्याच आवाजाने जे करून ठेवलं ते त्याच आवाजात सांगायची हिंमत होईना, म्हणून कागद.

तुमच्या चिरंजीवांनी सगळ्या खानदानाला तीन दिवस तळ्याकाठी नेण्याचा घाट घातला, याद्या केल्या, तंबू भाड्याने आणले, हे तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही गुडघ्यापायी घरी राहिलात, बाकी अकरा माणसं, चार तंबू. तंबू ठोकायचं मी अंगावर घेतलं. सोळा वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत मी एका तंबूची दोरी धरून उभा होतो, एवढ्या अनुभवावर मी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि सूचना द्यायला लागलो. पहिला तंबू उभा राहिला तेव्हा त्याचं दार झाडाच्या बुंध्याला चिकटलेलं होतं. आत जायचं तर झाड तोडावं लागलं असतं. दुसऱ्याची कनात उलटी, म्हणजे खिसे बाहेर. (मी म्हटलं, बाहेरून सामान ठेवायला सोपं. कोणी हसलं नाही.) मावशी घडीच्या खुर्चीवर बसून पाहत होती. तिने एकदाच विचारलं की हा मोडलेला आहे की असाच असतो. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो की असाच असतो, आणि तेवढ्यात तो बसला.

शेवटी दादा उठला. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवलेली ती बोटं. अर्ध्या केसाचा फरक त्यांना कळतो. एकेक खुंटी काढून त्याने तिरकी ठोकली, दोऱ्या ओढून गाठी मारल्या, आणि माझा तंबू सगळ्यात शेवटी, झाडाच्या सावलीत, दुपारचं ऊन लागणार नाही असा बघून लावला. मी झोपतो ना दुपारचा, म्हणून. हे मी मुद्दाम लिहितो आहे, वहिनी. पुढचं वाचताना हे डोळ्यासमोर असू द्या. माझ्या तर ते हलतच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे पोहायला निघाले. टॉवेल खांद्यावर टाकून, आरडाओरडा करत गेलेले मी स्वतः पाहिले. मी आणि ही तंबूत आडवे झालो. पोट भरलेलं, वारा छान, आणि मला कंठ फुटला. आदल्या संध्याकाळी दादाने बाबांची तंबूची गोष्ट सांगितली होती. तुम्हाला ती पाठ असेल. बाबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान आयुष्यात एकदाच चार दिवस बंद ठेवलं आणि कुणाचा तरी तंबू मागून आणून आईला नि दादाला तळ्यावर नेलं. मी तेव्हा जन्मायचा होतो. वारा सुटला, तंबू उडाला, बाबा बनियनवर त्याच्यामागे धावले. दर एकत्र जमण्याला दादा ही गोष्ट सांगतो आणि मी मनात मोजतो, ही कितवी खेप.

तर मी हिला त्याची नक्कल करून दाखवली. आधी तीनदा घसा खाकरणं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसणं. मग “तेव्हा मी काय असेन, आठ-नऊ वर्षांचा”, ते आठ आणि नऊच्या मध्ये थांबून आकाशाकडे बघणं, जणू काही या खेपेला वय बदलणार आहे. मग वाऱ्याचा आवाज, फडाड् फडाड्, गाल फुगवून. मला वाटलं मी कुजबुजतो आहे. (माझं कुजबुजणं कसं असतं हे तुम्ही विसरला नसाल. तुमच्या भावाच्या लग्नात नवरदेवाच्या टकलाबद्दल मी तुमच्या कानात काय बोललो ते मांडवाच्या दारापर्यंत पोचलं होतं.) शेजारी ही अंग गदगदवून, नाकातून फुसफुसत हसू दाबते आहे असं वाटून मला आणखी चेव आला. आणि नक्कल संपल्यावर, टाळी घ्यावी तसं, मी एक वाक्य बोललो. ते लिहू का नको, म्हणून काल सबंध दिवस हे पत्र इथेच थांबलं होतं. लिहितो. मी म्हणालो, “बाबांचं एवढंच उरलंय त्याच्याकडे, म्हणून पुरवून पुरवून खातो बिचारा.”

मी टाळीसाठी हात पुढे केला. वळून पाहिलं तर ही गाढ झोपलेली. ते गदगदणं म्हणजे घोरणं होतं. केव्हाची झोपली होती देव जाणे.

मी जांभई देत बाहेर आलो. आणि वहिनी, तंबूपासून तीन हातांवर, त्याच झाडाच्या सावलीत, सगळं खानदान गोल करून बसलेलं होतं. पाणी बर्फासारखं गार निघालं म्हणून पाचच मिनिटांत परतले होते. प्रत्येक जण काहीतरी फार महत्त्वाचं काम करत होता. तुमचे चिरंजीव स्टोव्हच्या खोक्यावरची सूचना वाचत होते, खोकं उलटं होतं. सूनबाई कोरडा टॉवेल पिळत होत्या. मावशी सोललेला बटाटा पुन्हा सोलत होती आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हती. ज्या मावशीला “जेवायला चल” हे तीनदा ओरडून सांगावं लागतं, तिलासुद्धा सगळं ऐकू गेलं होतं. म्हणजे ज्या एका माणसासाठी मी बोललो ते सोडून बाकी सगळ्यांनी अक्षर न् अक्षर ऐकलं. तंबूचं कापड किती जाड असतं याचा मी कधी विचार केला नव्हता. ते नसतंच. सावली तेवढी असते.

दादा मध्ये बसला होता. चष्मा हातात, पण पुसत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, “झोप झाली का रे?”

एवढंच. त्यात राग नव्हता. लहानपणी मला ताप उतरल्यावर विचारायचा तसं. धरणी दुभंगून पोटात घेते असं नुसतं ऐकलं होतं. त्या दुपारी मी पायाखाली बघून ठेवलं, पण तिथे खुंटी होती, दादानेच ठोकलेली.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, अजून उजेड होता, शेकोटी पेटवली. तुमच्या नातीने दादाच्या मांडीवर चढून फर्मावलं, “आजोबा, तंबूची गोष्ट!” तिला आदल्या संध्याकाळी ऐकताना मध्येच झोप लागली होती. सगळे निखाऱ्यांकडे बघायला लागले. दादाचा हात चष्म्याकडे गेला. अर्ध्यात थांबला. परत खाली आला. घसासुद्धा खाकरला नाही त्याने. म्हणाला, “बाबांचा तंबू उडाला. मग सापडला. झाली गोष्ट.”

“अशी नाहीये!” ती म्हणाली.

“मग छोट्या आजोबांना सांग. त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते.” आणि तिला उचलून त्याने माझ्या मांडीवर ठेवलं, भांडी गोळा केली आणि नळाकडे गेला.

टोमणा असता तर मला सोसला असता. वहिनी, तो टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की मला चांगली येते.

मी सुरू केली. वारा केला, पण गाल फुगेनात. बाबा धावले, एका पायातली चप्पल गेली, तंबू तळ्यात पडला, बाबा पाण्यात उतरले, कमरेइतक्या. इथे मी थांबलो. पोरगी म्हणाली, “मग?”

मला पुढचं येत नव्हतं.

चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऐकतो आहे. पण कमरेइतक्या पाण्यापर्यंत आलं की आम्ही सगळे हसतो, कोणी चहाला उठतं, कोणी पोरांना ओरडतं, आणि मी तर नेमाने तिथेच उठतो. त्याच्यापुढे दादा काहीतरी बोलत असतो, हळू आवाजात, तेवढं आठवतं. मी तुमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. ते म्हणाले, “काका, मला वाटतं तंबू मिळाला... की नाही मिळाला?” सूनबाईंना वाटत होतं की बाबा आजारी पडले. मावशी म्हणाली, “मला काय विचारतोस, मला कुठे ऐकू येतं!” मी पोरीला सांगितलं की मग एक मोठा मासा आला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की खोट्याच्या बाबतीत मी जन्मभर सावध राहीन.

मी उठून नळाकडे गेलो. दादा तवा घासत होता. माफी मागायची एवढं पक्कं ठरवून गेलो होतो, वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “कडेला अजून तेल आहे.” बारा फलाटांचा आवाज, आणि त्यातून एवढंच आलं. दादा म्हणाला, “हो का?” आणि कड पुन्हा घासली. मी शेजारी उभा राहून नळ बंद-चालू करत राहिलो. सकाळी मी उठायच्या आत माझ्या तंबूच्या दोऱ्या सोडून, गुंडाळून, माझ्या पिशवीवर नीट ठेवलेल्या होत्या.

वहिनी, तुम्ही घरात आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. बाबा गेले तेव्हा दोन वर्षांचा. मला बाबांचा चेहरा फोटोतला तेवढा ठाऊक आहे, आणि तो फोटोही पासपोर्टचा. दादाला सतरा वर्षं बाबा मिळाले आणि सतराव्या वर्षी माझं ओझं. मी त्या गोष्टीची टिंगल का करतो, याचा या आठवड्यात पुष्कळ विचार केला. गोष्ट कंटाळवाणी आहे म्हणून नाही. तिच्यात मी नसतो म्हणून. छप्पन्नाव्या वर्षी हे कळायला काही हरकत नाही, पण जरा लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं.

एवढं सगळं तुमच्यापाशी कबूल केलं. तुम्ही लहानपणी मला पाठीशी घालत होतात तसं आता घालू नका. गुडघ्याला जपा. दादाला जेवायला लावा.

तुमचा,
तोंडाळ धाकटा दीर

ता. क. : हे पत्र कृपा करून दादाला दाखवू नका. त्याला पुन्हा ते वाक्य वाचायला लागू नये.

आणखी एक ता. क. : सूनबाईंना सांगा, त्यांची चिमट्याची पिशवी चुकून आमच्या सामानात आली आहे. दोन चिमटे मी मोडले.

शेवटचं ता. क. : वर दाखवू नका म्हणालो, ते तोंडदेखलं होतं. तुमच्या नावाची पाकिटं तुमच्याआधी कोण फोडतं हे मला माहीत नाही का? लहानपणी तुमच्या माहेरून आलेली पत्रं मी टेबलावर ठेवायचो आणि तुम्ही येईपर्यंत दादाने ती उघडलेली असायची. म्हणून पाकिटावर तुमचं नाव घातलं. तुमची क्षमा मागतो, पण मला त्याच्या नावाने लिहायचं धाडस नव्हतं.

दादा, तू हे वाचतो आहेस. ते वाक्य मी बोललो, आणि ते खोटं होतं. तुझ्याकडे पुष्कळ आहे, माझ्याकडे काही नाही. रविवारी सकाळच्या गाडीने एकटाच येतो आहे. बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले, त्याच्यापुढे काय झालं ते मला सांग. पोरगी विचारते आहे म्हणून नव्हे. मला हवं आहे.