म्हसकरांच्या बागेतलं उलटं मशीन

१ डिसेंबर १९८२, बुधवार

फ्रिजदुरुस्तीचं दुकान उघडतोय तोच शेजारच्या मेडिकलवाल्यानं हाक मारली, फोन आहे. गंगापूर रोडवरून. परदेशी एअरकंडिशनर, थंडीत गरम हवा देतो म्हणे, आता देईनासा झालाय. पत्ता लिहून घेतला. नाव विचारायचं राहिलं.

दार उघडलं तर म्हसकर साहेब.

सहा वर्षं झाली. डोकं पार उजाड, गळ्याला मफलर. म्हणाला, "या मिस्त्री, चपला बाहेर काढा." ओळखलं नाही. ज्याला मी सहा वर्षं रोज मनात उभा करून जाब विचारतो, त्याला माझा चेहरासुद्धा लक्षात नाही. (पुढे नुसतं म्ह. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.)

मशीन मुलानं ऑस्ट्रेलियाहून जहाजानं पाठवलेलं. एक खोका बागेत, एक आत बाईंच्या खोलीत भिंतीवर. बाई म्हणजे म्ह.ची बायको. दमा आहे, थंडी सोसत नाही, शेगडीचा धूर चालत नाही, हीटरच्या तारेनं एकदा गोधडी पेटली होती. म्हणून हे.

असलं मशीन आजवर पुस्तकातच पाहिलेलं. फ्रिजचंच तत्त्व, उलट फिरवलेलं. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलायची आणि खोलीत सोडायची. आतला फिल्टर धुळीनं घोंगडीसारखा जाड झालेला. बाहेरच्या कॉइलवर, पाइपांच्या जाळीवर, चाफ्याची पानं चिकटलेली. दोन्ही साफ केलं, वाकलेल्या पट्ट्या सरळ केल्या. तासाभरात गरम वारा. बाई म्हणाल्या, "बरं वाटलं हो."

हात आपोआप काम करत होते. त्याच हातांचा आता राग येतोय.

२ डिसें.

बायकोला, कमलला सांगितलं नाही. यशवंतला तर नाहीच.

यशवंत कमलचा धाकटा भाऊ. मीच नांदगावहून आणून कंपनीत चिकटवला होता, बाविसाव्या वर्षी. मी तिथल्या अमोनियावर चालणाऱ्या कूलिंग प्लांटचा ऑपरेटर, तो हाताखाली, म्ह. आमचा मॅनेजर. कंडेन्सरच्या नळ्या क्षारानं भरल्या होत्या, प्रेशर चढलं की कटआउट प्लांट आपोआप बंद पाडायचा. तीनदा लॉगबुकात लिहिलं, प्लांट थांबवून सफाई करा. म्ह. म्हणाला, "गांगुर्डे, कटआउटला वायर टाक आणि चालव. माल जायचाय."

टाकली.

दुसऱ्या दिवशी पाइपच्या सांध्यातलं गॅस्केट उडालं, अमोनिया बाहेर. यशवंत समोर होता. मास्क कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली म्ह.च्या ड्रॉवरमध्ये. चौकशीत म्ह. म्हणाला, मी असं काही सांगितलं नाही. लॉगबुकाची ती पानं नव्हतीच. रिपोर्टात आलं की ऑपरेटरनं स्वतःच्या मर्जीनं कटआउट निकामी केला, आणि मदतनिसानं मास्क उपलब्ध असूनही वापरला नाही. मला काढलं. यशवंतला उजेड-अंधार कळतो, बाकी नाही.

६ डिसें., सोमवार

सकाळी विहारात. यशवंतचा हात माझ्या खांद्यावर, पांढरा शर्ट कमलनं इस्त्री करून दिलेला. सगळे डोळे मिटून बसले होते. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे म्ह.ची बाग.

९ डिसें.

पुन्हा फोन, बाईंचा. "बाहेरच्या खोक्याला आग लागलीय, धूर निघतोय!" सायकल काढली. धूर कसला, वाफ.

म्ह. बाजारात गेला होता. बाईंनी विचारलं म्हणून मशीनचं सगळं सांगितलं. बाहेरचं कॉइल हवेपेक्षा थंड असतं, म्हणूनच त्याला हवेतून उष्णता घेता येते. पण पहाटेच्या दमट गारठ्यात त्यावर हवेतलं पाणी हिम होऊन बसतं. थर जाड झाला की हवा जात नाही. म्हणून मशीन अधूनमधून आपणहून उलटं चालतं, पाचदहा मिनिटं गरम गॅस बाहेर पाठवतं, हिम वितळतं, वाफ निघते, खाली पाणी गळतं. तेवढा वेळ आत गरम वारा बंद. घाबरायचं नाही.

"पण थंड हवेत उष्णता असतेच कुठे?"

"थोडी असते, बाई. उन्हाळ्यात विहीर आटली तरी तळाला ओल असते ना, तशी. हे ती उपसून आणतं."

हसल्या. चहा दिला, घरातल्यांच्या कपबशीत. बाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं.

मशीनला कळतं कसं, हेही विचारलं. म्हटलं, बाहेरच्या पाइपला तांब्याचा एक लहानसा बल्ब बांधलेला आहे. पाइप फार गार झाला की तो खबर देतो.

सांगताना माझं मलाच काहीतरी उमगलं. लिहीत नाही.

१४ डिसें.

लिहितो. बल्ब पाइपवरून सुटला तर त्याला नुसती हवा लागेल. हवा काही बर्फाइतकी गार नसते. खबर जाणार नाही. हिम वितळवणं होणार नाही. चारपाच दिवसांत बर्फाची लादी. पुढे कॉम्प्रेसर जाईल, आणि त्याचा सुटा भाग इथे काय, मुंबईतही मिळणार नाही. कुणी म्हणेल, क्लॅम्प ढिला झाला. होतो की कधीकधी.

१८ डिसें., शनिवार

केलं.

स्वतःच गेलो, म्हटलं सर्व्हिस राहिली होती. म्ह. व्हरांड्यात पेपर वाचत होता, मान वर केली नाही. एक स्क्रू. बल्ब बोटभर बाजूला लोंबता ठेवला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. खाली पाणी जायचं भोक मात्र साफ केलं, पानं काढली. सवय.

येताना सायकल इतकी हलकी चालत होती. घरी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कमल म्हणाली, "आज काय मिळालं एवढं?"

२२ डिसें.

फोन नाही. गारठा मात्र मस्त पडलाय. नदीकडून धुकं. सकाळी चूळ भरताना दात वाजले आणि मला आनंद झाला. हे कोण झालोय मी, असा विचार आला. येऊ दे.

२४ डिसें., शुक्रवार

आला फोन. म्ह. स्वतः. "मिस्त्री, आतून गार वारा येतोय, बाहेर सगळा बर्फ. लगेच या."

"सोमवारी येतो."

"अहो, बाईंना त्रास होतोय..."

"कामं आहेत साहेब. सोमवारी."

काम काहीच नव्हतं. दिवसभर दुकानात बसून जुने कॉम्प्रेसर पुसले.

२७ डिसें., सोमवार

बागेत खोका नव्हताच, बर्फाचा ठोकळा होता. म्ह. लोखंडी सळईनं तो फोडत होता, स्वतः, स्वेटरच्या बाह्या ओल्या. मी ओरडलो, "ठेवा ती खाली! पाइप फुटेल, गॅस बाहेर येईल!"

दोघंही थांबलो. गॅस हा शब्द आमच्यामध्ये तसाच लटकला.

मग म्हणाला, "गांगुर्डे, तू अजून तसाच ओरडतोस."

म्हणजे माहीत होतं. "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," म्हणाला. "वाटलं, तू ओळख दाखवलीस तर बघू. आणि असलं मशीन नाशकात दुसऱ्या कुणाला कळणार? काम तू चोख करतोस, हे मला तेव्हाही माहीत होतं."

चोख! मग चौकशीत काय सांगितलंस?

हे मनात नाही, तोंडावर बोललो, आणि तू म्हणून बोललो. त्यानं खिडकीकडे पाहिलं. आत बाई खोकत होत्या. खोकून झाल्यावर श्वास घेताना जो आवाज येत होता, तो लिहिता येत नाही.

कोमट पाण्याच्या बादल्या ओतल्या. आतला पंखा बंद करून मशीन कूलिंगवर टाकलं, म्हणजे गरम गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये येतो. कॉइल मोकळं झालं. पुन्हा गरमवर. चाललं. बल्ब तसाच लोंबता ठेवला.

निघताना म्हटलं, "चार दिवसांनी परत गोठेल. खरं काय घडलं ते कागदावर लिहून द्या, मग कायमचं नीट करतो."

"आता त्याचा कुणाला काय उपयोग?"

"मला."

२९ डिसें.

यशवंत घरी नसताना कमलला सांगितलं सगळं. कमल पोळी लाटायची थांबली. "त्या बाईनं काय केलं होतं तुमचं?"

"यशवंतचे डोळे..."

"माझ्या भावाचं नाव घेऊ नका यात."

संध्याकाळी यशवंत दारात बसून होता. दुकानात तोच माझा अर्धा जीव. कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगतो. त्याला म्ह.च्या घरचं सांगितलं, बल्बचं सोडून. मशीन गोठतं, एवढंच. तो म्हणाला, "दाजी, उद्या मला घेऊन चला. मला लय दिवसांनी साहेबाचा आवाज ऐकायचाय."

३० डिसें.

गेलो दोघं. म्ह.नं यशवंतला पाहिलं आणि पायरीवरच उभा राहिला. यशवंत नमस्कार करून थेट खोक्याकडे. झाकण मी काढलं. त्याची बोटं कॉइलवरून, पाइपवरून सावकाश गेली. थांबली.

"बल्ब सुटलाय."

मी झाकण भिंतीला टेकवून ठेवलं.

"गंजला नाय, तुटला नाय. स्क्रू नीट काढलाय कुणीतरी." मग अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं, "दाजी?"

त्यानं हात पुढे केला, मी स्क्रूड्रायव्हर दिला. बल्ब पाइपला टेकवून त्यानं आवळला, वर कापडी पट्टी गुंडाळली. मला हात लावू दिला नाही.

बाईंनी आत बोलावलं. यशवंतला खुर्ची दिली. "डोळ्यांना काय झालं रे तुझ्या?"

"गॅस गेला. कंपनीत."

"कुठल्या?"

"साहेबांच्याच."

म्ह. म्हणाला, "अगं, ते जुनं आहे, तू बोलू नकोस, दम लागेल."

"मी बोलत नाहीये, तो बोलतोय," बाई म्हणाल्या. "सांग रे."

यशवंतनं सांगितलं. नळ्या, कुलूप, किल्ली, ड्रॉवर. आवाज चढवला नाही. "वायर दाजींनी टाकली. साहेबांनी सांगितलं म्हणून टाकली. पण टाकली दाजींनीच." हेही सांगितलं. मला वाटलं होतं हे तो कधी बोलणार नाही. सहा वर्षांत एकदाही बोलला नव्हता.

बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. म्ह. उठून बागेत गेला. मशीन छान गरम वारा देत होतं.

२ जानेवारी १९८३, रविवार

यशवंत बोलत नाही. जेवतो, दुकानात येतो, बोलत नाही. आज शेवटी मीच विचारलं.

म्हणाला, "तेव्हा साहेबानं सांगितलं म्हणून सुरक्षेची वस्तू काढली. आता कुणी सांगितलं हुतं?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर पुसत राहिलो.

"मला सूड नको असं नाय दाजी. लय पाहिजे. पण त्याच्याकडून पाहिजे. खाटेवरच्या बाईकडून नको."

मला वाटलं होतं माझा राग उतरेल. उतरला नाही. फक्त आता त्याला तोंडं दोन झालीत, एक म्ह.कडे आणि एक आरशाकडे.

९ जाने.

म्ह. दुकानात आला. रिक्षानं, द्वारका चौकातल्या गर्दीत, मफलर सांभाळत. उघड्या पडलेल्या फ्रिजांच्या मध्ये उभा राहिला, मी स्टूल दिलं नाही. यशवंतनं दिलं. खिशातून कागद काढला, टाइप केलेला. मी मोठ्यानं वाचला.

"...तत्कालीन परिस्थितीत संबंधित ऑपरेटरला वरिष्ठांकडून तशी तोंडी सूचना दिली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

म्हटलं, "शक्यता? वरिष्ठ कोण? नाव काय त्याचं?"

यशवंत म्हणाला, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचला. "मास्कचं कुठाय?"

म्ह. मफलर सारखा करत राहिला.

"साहेब, दाजींना त्यांचं काय पाहिजे ते पाहिजे. मला एकच ओळ पाहिजे. मास्क कपाटात कुलपात हुते आन् किल्ली तुमच्यापाशी हुती. माझी आई मरेपर्यंत मला म्हणायची, का रं तोंडाला लावलं नाय. मी सांगायचो, नव्हतं आई. तिला वाटायचं, पोरगं चूक झाकतंय."

हे मला माहीत नव्हतं. कमललाही माहीत नसावं.

म्ह.नं पेन काढलं. कागद उलटा करून गुडघ्यावर धरला. "मी" असं लिहिलं. मग स्वतःचं पूर्ण नाव. मग बराच वेळ काहीच नाही. हात थरथरत होता, थंडीनं का कशानं, मला ठरवता आलं नाही आणि ठरवायचंही नव्हतं. मला तो थरथरताना बघायचा होता, आणि मी बघितला. पोटभर.

शेवटी पेन बंद केलं. "बाकीचं घरी लिहितो."

"इथंच लिहा," मी म्हणालो.

यशवंत म्हणाला, "जाऊ द्या दाजी. घरी लिहू द्या. घरी त्यांच्याकडं बघणारं माणूस हाय."

१५ जाने., शनिवार

काल संक्रांत होती. कमलनं तीळगूळ केला, मी घेतला, गोड बोलणं मात्र जमत नव्हतं. संध्याकाळी यशवंत आपणहून "दाजी, ह्या फ्रिजचा रिले गेलाय," एवढं बोलला. बरं वाटलं.

कागद आलेला नाही. सहा दिवस. यशवंत म्हणतो येईल. मी म्हणतो, असली माणसं लिहीत नसतात, पुन्हा टाइप करून शक्यता वाढवून आणेल. तसं केलं तर मी काय करीन, मला खरंच माहीत नाही. बाईंच्या खोलीतलं मशीन मी बिघडवणार नाही, एवढंच सांगू शकतो. त्यापलीकडचं सांगत नाही.

दुपारी मेडिकलवाल्याकडे फोन आला. बाई स्वतः. मशीन नीट चालतंय, म्हणाल्या. सकाळी वाफ आली, मी घाबरले नाही, मीच ह्यांना समजावलं.

मग दम घेऊन म्हणाल्या,

"मिस्त्री, हे तीन दिवस झाले तो कागद घेऊन टेबलाशी बसून आहेत. जेवायलाही तिथेच देतेय. उठू देत नाही मी."