शिंगांचा डबा

२३ जानेवारी
आलं एकदाचं! वॉशिंग्टनहून श्रम खात्याचं पत्र. कामगारांच्या निवृत्ती योजनेचं विवरण लेखापरीक्षकाच्या अहवालाशिवाय पाठवलं, म्हणून पन्नास हजार डॉलर दंड. 'नोव्हेंबरच्या पत्रात पंचेचाळीस दिवस दिले होते, उत्तर आलं नाही.' कुठलं नोव्हेंबरचं पत्र?

दंड योजनेच्या पैशातून भरता येत नाही. कारखान्याचा मालक ड्वाइट योजनेचा प्रमुख, त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा. पस्तीस दिवसांत सबळ कारण दाखवलं तर कदाचित माफी.

२४ जानेवारी
ड्वाइट म्हणतो, "टपाल तूच घेतेस, व्हर्ना."
एकतीस वर्षं घेतेय. एक कागद हरवला नाही. हरवतो तो. बॉयलरचा परवाना त्याच्या ट्रकमध्ये काडतुसांखाली सापडला होता. कोणी शोधला? मी.

मूळ पाप त्याचंच. विवरणाच्या वेळी अहवाल तयार नव्हता, तर 'अहवाल मागाहून' एवढं लिहून कागद जोडला. मी बजावलं होतं, हे चालायचं नाही. "मार्व देईल गं आठवड्यात!" मार्व म्हणजे आमचा लेखापरीक्षक. दर शुक्रवारी दोघं शेजारी बसून तळलेले मासे खातात. दोस्ताला तगादा कसा लावायचा!

२९ जानेवारी
मार्वला फोन. अहवाल जुलैपासून तयार आहे! "तुमच्याकडून कोणी मागितलाच नाही, व्हर्ना." मला वाटलं ड्वाइटने नेला, ड्वाइटला वाटलं मार्वने पाठवला. ते नोव्हेंबरचं पत्र कोणी उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी अहवाल जोडून मोकळे झालो असतो.
फोन आपटला.

३ फेब्रुवारी
लोकांना दंडाचं काही नाही, पैजेची घाई. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला सुट्टी लागते त्या शुक्रवारी प्रत्येकजण पाच डॉलर आणि नावाची चिठ्ठी माझ्या डब्यात टाकतो. ज्याच्या हरणाची शिंगं सगळ्यांत रुंद, त्याला डबा. पण शिंगं साठ दिवस वाळल्याशिवाय मोजायची नाहीत. तोवर डबा माझ्या कपाटावर, चिकटपट्टी लावून, पट्टीवर माझी सही. या कारखान्यात एवढी एकच गोष्ट चोख चालते, कारण ती माझ्याकडे आहे. मोजणी वीस तारखेला.

७ फेब्रुवारी
कारण शपथेवर लिहून द्यायचंय. ड्वाइटच्या मसुद्यात — 'पत्र कार्यालयात गहाळ झालं.'
"कार्यालय म्हणजे कोण?"
"कुणाचं नाव घातलंय का मी?"
"दुसरं आहे कोण इथे?"
दार आपटून गेला. दंड भरायला बापाची उत्तरेकडची शिकारीची झोपडी विकायला काढलीय म्हणे. विकू दे. चोराच्या उलट्या बोंबा!

१२ फेब्रुवारी
मी माझं वेगळं शपथपत्र केलं. 'हे पत्र माझ्या हाती कधीही आलं नाही. टपाल मी रोज मालकाच्या टेबलावर ठेवते.' वकील म्हणाला, "याने ड्वाइटच्या माफीची आशा संपली, कळतंय ना?" कळतंय. पोस्टात स्वतः टाकलं. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी
ड्वाइटशी बोलणं बंद. तरी संध्याकाळी माझ्या गाडीभोवतीचा बर्फ उपसलेला असतो. कोणाला दाखवायला करतो हे?

१८ फेब्रुवारी
शपथपत्र पोचल्याची पावती आली.

२० फेब्रुवारी
मोजणीआधी नोटा लावून ठेवाव्यात म्हणून सकाळी एकटीनेच पट्टी कापली. चिठ्ठ्या, नोटा, आणि तळाशी श्रम खात्याचं पाकीट. फोडलेलंही नाही.

आता आठवलं. त्या शुक्रवारी निघायची घाई. टेबलावरचं सगळं मी हातासरशी डब्यात लोटलं होतं. मग पट्टी. मग सही.

कोणी पाहिलं नव्हतं. खाली ड्वाइट फावडं घेऊन माझ्या गाडीपाशी वाकला होता. लाज वाटली. मग खिडकी उघडली आणि त्याला हाक मारली.