पत्र घड्याळजींच्या दुकानात

४ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ. आणि सोबत एक धपाटा.

तुझं पत्र मिळालं. अंथरुणात पडून लिहिलेलं कळतंच, ओळी उताराला लागतात. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं ना, की या खेपेला सगळं नीट आहे, रोज चालत जा? मग खाटेला का चिकटलीस? पाय खाली टाकला की बाळ जाईल, हेच तुझ्या मनात. मागच्या वेळचं बाळ जिना चढल्यामुळे गेलं नव्हतं, असं बाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी वाचनालयातून गरोदरपणाचं पुस्तकही आणलं. देणारी मुलगी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतच राहिली. त्यातही तेच लिहिलंय.

तू ऐकणार नाहीस, म्हणून उपदेश करत नाही. यापुढे माझं पत्र तुझ्या घरी येणार नाही. तुमच्या गल्लीच्या टोकाला घड्याळजी बसतात, ह्यांचे जुने भागीदार. त्यांच्या दुकानात येईल. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा पोलीस बोलावले. कशासाठी, ते तिथे वाच.

लोभ आहेच. वाढवायचा तर खाली उतर.
तुझी ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हा नमस्कार रागाने केलाय.

मास्तर काल शाळेतून येताना तुझं पत्र आलंय का बघायला गेले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि मान वर न करता सांगितलं, की अजून आलं नाही, आणि आलं तरी पाकिटावर जिचं नाव तिलाच मिळेल. नवरा असलो तरी चालत नाही का, असं मास्तरांनी विचारलं. नाही म्हणाले. बिचारे हात हलवत परत आले.

ताई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चालायचं म्हणून उठते, दारापर्यंत जाते आणि तिथेच हात पोटावर जातो. ते दुसऱ्यांदा सोसायची ताकद माझ्यात नाही. तेव्हा पत्र घरी पाठव. आणि पोलिसांचं काय झालं, तेवढं तरी कळव.

रागावलेली, तरी तुझीच
बुटकी


१९ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

हे वाचते आहेस म्हणजे तू दुकानात आहेस. आधी बस.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे खरं. हे गेले तेव्हा मीही दाराला कडी लावून बसले होते. भीती जाऊ दे, मग बाहेर पडू, असं म्हणत राहिले. ती काही गेली नाही. शेवटी तिला घेऊनच एका सकाळी दूध आणायला गेले. ह्यांची आठवण आजही रोज येते, पण मी दूध रोज आणते. तूही भीती घेऊनच चाल. दुखलं, चक्कर आली, अंगावरून गेलं, तर मात्र थांब आणि तडक डॉक्टरीणबाईंना गाठ.

ताकद नाही म्हणतेस. इतकं सोसूनही पुन्हा आई व्हायचंय म्हणालीस, त्या दिवसापासून मला तुझा अभिमान वाटतो. बोलले नाही, एवढंच.

पोलिसांचं असं, की किल्ली विसरलेला वरच्या बाईंचा नवराच खिडकीतून शिरत होता. पोलीस येईपर्यंत त्याच्या टाळक्यात चपला बसल्या होत्या.

लोभाची काळजी नको, तब्येतीची घे.
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बरेच दिवस दुकानात पडून होतं. रविवारी उतरले. मास्तर मागोमाग, डोक्यावरून काचेचं सामान नेत असल्यासारखा चेहरा करून. शिंप्याच्या दुकानापर्यंत भिंतीला धरून चालले. घड्याळजींनी स्टूल पुढे केलं. मी पत्र वाचलं आणि तिथेच रडले. त्यांनी उगाचच भिंतीवरची घड्याळं पुसायला घेतली.

तेव्हापासून रोज जाते. पत्र नसलं तरी विचारून येते. चालून आले की पोटात धिंगाणा सुरू होतो. तुझ्यावर गेलंय, असं मास्तर म्हणतात. चपलांवरून ते अजून हसतात.

तुझी लाडकी
बुटकी


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गंमत झाली. खालच्या मजल्यावरची नर्स कुत्र्याला फिरवायला निघाली होती. तिच्याशी बोलत बोलत बागेला वळसा घातला. घरी येऊन पाय धुतले आणि एकदम आठवलं, की जाता-येता घड्याळजींच्या दुकानावरून गेले आणि तुझं पत्र मागायचंच विसरले! त्यांनी हाकही मारली म्हणे, मी गप्पांत. रागावू नकोस, आज आणते.

तुझी विसराळू
बुटकी


५ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ., या वेळी धपाट्याविना.

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि वरच्या बाईंना ओरडून सांगितलं, की माझी बहीण माझं पत्र घ्यायला विसरली. त्या माझी समजूत घालायला लागल्या, की मनावर घेऊ नका, अशा दिवसांत होतं असं. मनावर कसलं घेते! इस्त्रीवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. ह्यांच्या फोटोलाही सांगितलं.

हे पत्र तुझ्या घरीच पाठवते आहे. पोस्टमन येईल तेव्हा तू घरी नसशील. तेव्हा मास्तरांना हे पाकीट फोडून वाचायची परवानगी आहे.

लोभाने भरलेली
ताई