दोनशे अठरा पुस्तकं आणि एक शिक्का

५ जानेवारी, रविवार
स्मिता जाऊन दहा महिने झाले. तिची दोनशे अठरा पुस्तकं सोसायटीच्या वाचनालयाला देणार. वर्षश्राद्ध वीस फेब्रुवारीला, त्याच्या आत. प्रत्येक पुस्तकात तिच्या नावाचा शिक्का हवा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणाला आठवणार, कोणाची होती ते. सेक्रेटरी गोटीराम ठाकूर म्हणाला, जुईनगर स्टेशनाजवळ अर्ध्या तासात रबर स्टँप बनवून देतात. त्याला सांगितलं, ही पुस्तकं आहेत, कुरिअरची पाकिटं नाहीत. मी हाताने कोरणार. तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. एक रविवार पुरे.

७ जानेवारी
ऐरोलीहून सईचा फोन. नुसतं नाव नको बाबा, आईचं असं काहीतरी चित्र हवं. तिला वाटलं मी अडेन. एका सेकंदात सांगितलं, मोगरा. लग्नापासून दर शनिवारी गजरा आणायचो. सई म्हणाली, आधी काढून फोटो पाठवा. बायकोला काय आवडतं ते मुलीपेक्षा नवऱ्याला जास्त माहीत असतं.

१२ जानेवारी, रविवार
ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढायचं, कागद रबरावर पालथा घालून घासायचा, रेघा उमटतात. रेघा ठेवून बाकीचं रबर कटरने काढायचं. शिक्क्यात सगळं उलटं लागतं, म्हणून मी चित्रच आधी उलटं काढलं. एवढी काळजी हल्ली कोण घेतं?

संध्याकाळी छाप घेतला. नाव उलटं. कागद पालथा घातला की चित्र आपोआप उलटतं. म्हणजे माझं उलट्याचं पुन्हा सुलटं झालं. हे रबराच्या पाकिटावर छापायला काय होतं? दुकानदाराला फोन करून सुनावलं. तेवढ्यात गोटीराम मेंटेनन्सची नोटीस द्यायला आला. म्हणे, काय भाऊ, यो आरशान बगून वाचाचा काय? वाचनालय त्याच्या ताब्यात आहे म्हणून सोडून दिला.

१३ जानेवारी
सईला फोटो पाठवला. उलट्या नावाबद्दल अक्षर नाही. म्हणाली, बाबा, मोगऱ्याने आईला शिंका यायच्या. तुम्ही आंघोळीला गेलात की गजरा बाल्कनीत टांगायची.
फोन ठेवून दिला. एकतीस वर्षं. एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं?

२६ जानेवारी, रविवार
नवीन डिझाइन, चहाचा कप. सकाळी सहाला आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा घ्यायचो, याला कोणी काही म्हणू शकत नाही. कटर घसरला. कपाचा कान गेला आणि माझा अंगठा कापला. सई पट्टी बांधायला आली. बांधता बांधता म्हणाली, आईने चहा सोडून सात वर्षं झाली होती, कपात गरम पाणी घेऊन बसायची. म्हटलं, कप होता ना? चित्र कपाचं आहे. पट्टी जोरात आवळली. मुद्दाम.

२ फेब्रुवारी
मी रागावलेलो नाही. रबर बोगस आहे, ट्यूबलाइट मंद आहे आणि वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे. सई म्हणते, एकदा पुस्तकं उघडून तरी बघा, सुचेल. गरज नाही. जेवण झालं की स्मिता मला वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची. सगळ्या मन लावून ऐकल्या आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार
तिचा वाचायचा चष्मा! दोन गोल, दोन काड्या, खाली नाव. गोलांच्या आतलं रबर स्वच्छ काढलं. छाप सुलटा आला. सईने फोटो बघितला, फक्त हो म्हणाली. अखेर हरली.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपार
शिक्के मारले. पहिलं पान, ठप्प, पुढचं. चाळीस झाली. मग शाई फुटतेय का बघायला स्वतःचा चष्मा लावला.

शिक्क्याच्या डाव्या गोलात पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं. स्मिताचं अक्षर. उजव्या गोलात ‘झोपले’. मधलं शाईखाली गेलेलं. न मारलेलं एक उघडलं. ‘ह्यांना सांगितली. निम्म्यात झोपले.’ दुसरं. ‘सांगितली. शेवटी विचारतात, मग ती कोण?’ तिसरं. ‘पूर्ण ऐकली! लाइट गेली होती.’

उरलेली एकशे अठ्ठ्याहत्तर बघितली. लाइट तीनदा गेली होती.

१७ फेब्रुवारी
गोटीरामला सांगितलं, पुस्तकं मिळणार नाहीत. मंग वाचनालयाच्या कपाटाची मापा कशाला दिली, म्हणाला. मी लिफ्टसमोर ओरडलो. तो ओरडला नाही. म्हणे, वैनी मना पन गोष्टी सांगाची, गेटवर. विचारलं, झोपायचास का? म्हणे, उभ्या उभ्या कसा झोपू, भाऊ?
दार आपटून आत आलो.

२० फेब्रुवारी
वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर सईसमोर पहिलं पुस्तक काढलं. आजपासून रोज पन्नास पानं. शिक्का मारलेली चाळीस आधी. कारणं चालणार नाहीत, टीव्ही बंद. सई म्हणाली, बाबा, बसून वाचा. आडवं पडून नको. मला शिकवते.

२१ फेब्रुवारी
पान अकरा. आडवा होतो, डोळा लागला. पहिल्या पानावर, तिच्या ओळीखाली, पेन्सिलने तसं लिहून ठेवलं.