‘सेम्बावांग’ कुणाची

पासिर रिस, सिंगापूर
रविवार, १४ ऑगस्ट १९९४

प्रिय मनोहर,

सप्रेम नमस्कार. तू आणि विनीतावहिनी खुशाल असाल. मी बरा आहे. परवा सेम्बावांगला आपल्या जुन्या फ्लॅटवरून गेलो. तिथून शिपयार्डचा भोंगा अजून ऐकू येतो.

काल एका शाळेच्या बँडने आपली ‘सेम्बावांग’ ही धून वाजवली. ‘आपली’ लिहिलं, खोडत नाही. मी पाहुणा होतो. सॅक्सोफोनवाल्या मुलीने विचारलं, “अंकल, हाऊ यू गेट दिस ट्यून?”

पंधरा वर्षं माझं उत्तर ठरलेलं आहे. गोदीतल्या हातोड्यांच्या सात ठोक्यांवरून सुचली. रेडिओवर तेच, मासिकांत तेच. काल मात्र अर्ध्यातच अडखळलो, आणि खरं सांगून टाकलं. माझ्या मित्राची मुलगी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. कामावरून सुटला की तो काचेला तोंड लावून तिच्यासाठी सात मात्रांच्या रूपकात ही धून गुणगुणायचा. एकोणीस दिवस. मी त्याच्या शेजारी उभा असायचो. ती गेली, तो बायकोला घेऊन गावी गेला, आणि मी त्या धुनेला पियानो, ड्रम जोडून माझ्या नावाने रेकॉर्ड काढली.

सॅक्सोफोनवाल्या मुलीने विचारलं, “बेबीज नेम?”

“जाई,” म्हटलं. तिने स्वरलिपीच्या कागदावर माझ्या नावाखाली ते लिहिलं.

मनोहर, तू तेव्हा फोन केला होतास. “पद्या, त्यात माझी पोर आहे रे,” म्हणालास. मी म्हटलं होतं, धून कुणाच्या बापाची नसते. हे वाक्य मी काल तिथेही सांगू शकलो नाही.

या महिन्यात तीनदा फोन केला. माझा आवाज ओळखून तू ठेवून दिलास. तुझं बरोबरच आहे. पण घशात कॅन्सर निघालाय. पंचवीस तारखेला, गुरुवारी, स्वरयंत्र काढणार आहेत. त्यानंतर मला बोलता येणार नाही. पत्र पोस्टाने वेळेत पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून जहाजावर नोकरीला असलेला प्रकाश विमानाने मुंबईला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

चोवीस तारखेच्या बुधवारपर्यंत रोज संध्याकाळी फोन करीन. तू काही बोलू नकोस. माफही करू नकोस. वहिनींना जवळ बोलाव आणि फक्त ठेवू नकोस. ते वाक्य मला माझ्या तोंडाने परत घ्यायचंय. हात जोडतो.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क न उरलेला,
पद्माकर